सोडल्याचं कारण

नांदेड
14 जुलै 2024

ती. सौ. ताईस,


परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "मग जायचं पक्कं का?" आणि दोन्ही वेळा मी लातूरच्या पावसावर विषय नेला. म्हणून आज लिहायलाच बसलो. पक्कं आहे. ऑगस्टच्या शेवटी निघायचं, परत ओमानलाच, परत इंग्रजीच शिकवायला. कॉलेज वेगळं, गाव वेगळं. करार तेवढाच, दोन वर्षांचा.

पण पत्र त्यासाठी नाही. एक मागणं आहे. "मागच्या टायमाला हा अर्ध्यातून कामून आला होता?" असं या खेपेला कुणी विचारलं, तर बाबांच्या बीपीचं सांगू नकोस.

मार्च 2018 मध्ये मी दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा गल्लीला सांगायला ते कारण आपल्याला बरं सापडलं. बाबांना चक्कर आली होती हे खरं. गोळी सुरू झाली हेही खरं. पण मी राजीनामा दिला तो चक्कर यायच्या तीन आठवडे आधी. तारखांचा हिशेब तू कधी मांडला नाहीस, की मांडून गप्प राहिलीस, मला माहीत नाही.

खरं काय झालं ते तुलाही अर्धंच ठाऊक आहे. करारात आठवड्याला अठरा तास होते, वेळापत्रकात सव्वीस निघाले. खोलीत आणखी दोघं. हे सगळं मी तुला सांगितलं होतं, जरा तिखटमीठ लावूनच. जे सांगितलं नाही ते असं. अरबीत 'प' नाही. पोरं 'पेपर'ला 'बेबर' म्हणायची. त्यावर जुनी युक्ती आहे : ओठांसमोर कागदाचा पातळ तुकडा धरायचा आणि 'पेपर' म्हणायचं. इंग्रजांच्या 'प'बरोबर हवेचा झोत सुटतो आणि कागद हलतो. 'ब'ला हलत नाही. मी पुस्तकात वाचलं होतं, करून कधी पाहिलं नव्हतं. भरल्या वर्गात कागद धरला, मोठ्याने म्हणालो, "पेपर." कागद ढिम्म. परत म्हणालो. ढिम्म. पुढच्या बाकावरचा पोरगा अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, तुमचाही हलत नाही." वर्ग हसला. मागच्या बाकावर विभागप्रमुख वही घेऊन बसलेले होते, त्यांनी काहीतरी लिहिलं.

आपला 'प' ओठातल्या ओठात संपतो, ताई. हवा सोडली की तो आपल्या कानाला 'फ'सारखा लागतो. एवढी साधी गोष्ट एम. ए. इंग्रजी झालेल्या माणसाला माहीत नव्हती, आणि तो ती शिकवायला समुद्रापलीकडे गेला होता. त्या रात्री मी घरी जायचं ठरवलं. सव्वीस तास, खोली, जेवण ही कारणं नंतर गोळा केली. खोटी नव्हती, पण नंतरची होती.

गंमत म्हणजे त्यांच्या नाण्याचं नाव बैसा. एका रियालचे हजार बैसा. मूळ शब्द आपला पैसाच. एके काळी तिथे हिंदुस्थानी रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने 1959 साली आखाती देशांसाठी वेगळा रुपयाही काढला होता, ओमानात तो 1970 पर्यंत टिकला. पैसा तिकडे गेला आणि 'प'चा 'ब' होऊन सुखाने राहिला. मला तेवढं जमलं नाही.

राजीनाम्याचीही एक गोष्ट आहे. ऑफिसात हैदराबादचा एक कारकून होता. त्याला म्हटलं, "राजीनामा लाया हूँ." तो खुर्चीतून उठला, हात हातात घेऊन म्हणाला, "मुबारक हो, समझौता हो गया!" उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडायची तर इस्तीफा म्हणायचं. आजोबा हयात असते तर त्यांनी आधीच सांगितलं असतं, निजामाच्या राज्यात त्यांची सगळी शाळा उर्दूत झालेली. माझ्या कागदावर कुणीच राजी नव्हतं.

त्यामुळे एनओसी मिळाली नाही. तेव्हाचा कायदा असा की जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय देश सोडला तर दोन वर्षं तिथला कामाचा व्हिसा बंद. मी बोटं मोजत बसलो. दोन वर्षं भरली तेव्हा मार्च 2020 उजाडला आणि सगळ्या जगाचीच दारं लागली. पुढे 1 जानेवारी 2021 पासून ओमानने ती एनओसीची अटच काढून टाकली. तोवर मी इथे सीएचबीवर शिकवण्यात रुळलो होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे तुला सांगायला नको. तास घेतला तर पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी. तुझ्या पाटल्या सोडवायला मला तीन वर्षं लागली ती त्यामुळेच.

पण त्या वर्षांत एक झालं. मुखेडची, किनवटची, देगलूरची पोरं समोर होती. त्यांनाही कागद धरायला लावला, आधी स्वतः आरशासमोर महिनाभर धरला. आता हलतो. तू हसशील, पण परत जायचं धाडस त्या कागदाच्या तुकड्याने दिलं. आणि दुसरं म्हणजे, मी ऐन सत्रात तीन तुकड्या वाऱ्यावर सोडून आलो होतो. विमानतळावर एका पोराचा मेसेज आला, "सर, उद्या तास आहे का?" त्याला उत्तर दिलं नाही. ते अजून राहिलंय.

मुलाखती दोन झाल्या. दोन्हीकडे एकच प्रश्न : मागचा करार का मोडला? पहिल्या ठिकाणी मी जीभ उचलून बीपी सांगणार होतो, सवयीने. सांगितलं नाही. म्हणालो, मला काम जमत नव्हतं, ते कबूल करण्याऐवजी मी पळालो. त्यांनी आभार मानले, पुढे काही कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच बोललो. तिथल्या बाईंनी विचारलं, "आता जमतं का?" मी म्हटलं, कागद आहे का जवळ? मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. नोकरी त्यामुळे मिळाली असं नाही. सात महिन्यांच्या अनुभवाचा दाखला मागितला, तो सुदैवाने माझ्याकडे होता.

कागदपत्रांचं या वेळी सोपं आहे. डिग्रीच्या मागे परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिलचं स्टिकर 2017 चंच आहे. आठवतं, तू कौतुकाने विद्यापीठाची ती डिग्री लॅमिनेट करून आणली होतीस, आणि एजंट म्हणाला होता, प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही? रात्री दोघांनी मिळून इस्त्रीने गरम करत इंच-इंच सोलली. 'स्वामी रामानंद तीर्थ' मधल्या 'तीर्थ'चा रफार तेवढा प्लॅस्टिकबरोबर निघून गेला. तिकडे कुणाला मराठी येत नाही म्हणून निभावलं.

आता बाबांचं. गेल्या महिन्यात लातूरला आलो होतो तेव्हा तू बाजारात गेली होतीस. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, "जा बाबा, या टायमाला भाऊंची तब्येत ठणठणीत आहे, अर्ध्यातून यायची पाळी येणार नाही." त्या गेल्यावर बाबा बराच वेळ पेपर चाळत बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "मी एवढा आजारी होतो का रे तवा?"

मी "नाही" म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचू लागले.

सहा वर्षं त्या माणसाला वाटत होतं की आपल्यामुळे पोराची नोकरी गेली. म्हणून सांगतो, काकूंना, मामांना, भाऊजींच्या मित्रांना, कुणालाही सांग की त्याला तिथे जमलं नव्हतं. लाज मला वाटेल, ती माझी मी बघतो.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो, लोहा-अहमदपूर करत दुपारपर्यंत पोहोचेन. या वेळी विमानाच्या तिकिटाचे पैसे आहेत, पाटल्यांना हात लावू नकोस. बाबांच्या गोळ्या संपत आल्या असतील तर चिठ्ठीचा फोटो पाठव, इथून घेऊन येतो.

तुझा,
धाकटा