मामाचा टर्बो आणि माझी व्हायवा

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या लेखी तुम्ही 'मेकॅनिक' झालेले असता. मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत सगळं आपल्याकडे येतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मामाची गाडी आली आणि माझी खरी व्हायवा झाली.

मामा साताऱ्यात डिझेल गाडी भाड्याने चालवतो. खंबाटकी घाटात ती दम टाकायला लागली. पिकअप नाही, मागे काळा धूर. गॅरेजवाल्याने निकाल दिला, "टर्बो गेलाय." नव्या टर्बोचा खर्च म्हणजे गाडीचे चार हप्ते! मामी म्हणाली, "एवढं शिकतोयस, बघ की जरा."

हॉस्टेलवरच्या मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर माझ्याकडे होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, मोबाइल जोडला. गाडी उभी, इंजिन चालू. मॅनिफोल्ड प्रेशर ९५ किलोपास्कल. जवळजवळ एक बार! मी थाटात जाहीर केलं, "टर्बो ठणठणीत आहे. एक बार बूस्ट देतोय." मामाचा चेहरा उजळला.

रात्री जेवताना घास घशात अडकला. उभ्या गाडीत, आयडलला टर्बो एवढा बूस्ट देईलच कसा? तसाच उठलो आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. आकडा ९३! बंद इंजिनाला कसला आलाय बूस्ट? सेन्सर ॲबसोल्यूट प्रेशर दाखवत होता. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ च्या आसपास, उंचावरच्या साताऱ्यात ९३. मी टर्बोचा नव्हे, वातावरणाचा दाब मोजला होता! 'ॲबसोल्यूट वजा ॲटमॉस्फेरिक म्हणजे गेज' हे मी व्हायवात घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

चूक कबूल करायला जीभ रेटेना. पण माझ्या शब्दावर मामाने दुसऱ्या दिवशीची महाबळेश्वरची ट्रिप घेतली होती. शेवटी सांगितलं. मामा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "बरं झालं, घाट चढायच्या आधी बोललास." ट्रिप त्याने मित्राला दिली. त्या दिवसाचं भाडं गेलं.

सकाळी मोकळ्या चढावर मामाने तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. मी शेजारी बसून आकडे वाचत होतो. १४० च्या पुढे जाईना. वजा ९३, म्हणजे बूस्ट ४७. अर्धा बारसुद्धा नाही. संध्याकाळी मित्राची गाडी परतली. मॉडेल तेच, चढ तोच, गिअर तोच. आकडा २१५, म्हणजे बूस्ट १२२!

पण बूस्ट कमी म्हणजे टर्बोच गेला असं नाही. त्याने दाबलेली हवा वाटेत गळूही शकते. इंजिन थंड झाल्यावर पाइप चाचपले. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालून तेलकट लागला. वाकवला तर बोटभर चीर उघडली. एरवी ती मिटलेली, दाब आला की तोंड उघडणार. पाइप बदलला. त्याच चढावर २१२.

आता मामी पाहुण्यांना सांगते, भाच्याने टर्बो रिपेअर केला. मी केली ती फक्त एक वजाबाकी, तीही एक दिवस उशिरा. हल्ली मीटरवर कुठलाही आकडा दिसला की आधी बघतो, ह्याचा शून्य कुठे आहे?

बाकी, मामीचा मिक्सर अजून तसाच पडलाय!