आत्याबाईंची चित्रकला

चित्रकला ही हाताची कला आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ज्याचा हात चांगला त्यास चित्र साधते. इतरांनी त्या वाटेस जाऊ नये, असे घरोघरी बालपणीच ठरवून टाकतात. गेले वर्षभर आमच्या आत्याबाईंचा उद्योग पाहून आम्हांस मात्र या समजाविषयी दाट शंका येऊ लागली आहे.

आत्याबाईंचे वय ६८. हात म्हणाल तर असा की, रांगोळीची रेघ पाहून पट्टी लावली होती की काय असे वाटावे. चैत्रांगणातील शंख, चक्र, गोपद्मे, कासव सारे त्या न अडखळता उमटवितात. परंतु पुढ्यात तांब्या ठेवून तो वहीत काढावयास बसल्या, तो तोंड पुरणपोळीसारखे वाटोळे आणि बूड पाटासारखे सपाट! तांब्याचे तोंड गोल असते, हे त्यांस ठाऊक. तो जमिनीवर नीट बसतो, हेही ठाऊक. जे ठाऊक होते ते कागदावर आले. जे दिसत होते ते तसेच राहिले.

हा दोष दाखविला तो आमच्या धाकट्या बंधूंच्या बारा वर्षांच्या कन्येने. ती यंदा एलिमेंटरी परीक्षेस बसावयाची असल्याने वस्तुचित्रात मुरलेली. “आजी, जरा खाली वाक. डोळा काठाच्या पातळीला आण.” आत्याबाई वाकल्या. तांब्याचे तोंड नाहीसे होऊन नुसती आडवी रेघ उरली. मान हळूहळू वर घेतली, तशी ती रेघ उघडत जाऊन लंबगोल झाली. “आता बूड बघ. ते डोळ्यापासून आणखी खाली आहे ना? मग त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त बाकदार.”

वडील माणसास पोरीने शिकवावे, हे आमच्या मातोश्रींस प्रथम रुचले नाही. त्यांनी व इतर मंडळींनी आपापल्या परीने उत्तेजन दिले: “छानच हो!” या ‘छानच हो’ने नवशिक्याचे जेवढे नुकसान होते, तेवढे निंदेनेही होत नसेल. निंदेने माणूस निदान वही पुन्हा उघडून पाहतो. पुतणीने चांगले किंवा वाईट असे एकदाही म्हटले नाही. ती फक्त कागदावर बोट ठेवी: “ही कड बाहेर गेली.” कपाचा कान साधेना, तेव्हा म्हणाली, “कान काढूच नकोस; त्याच्यातली पोकळी काढ.” पोकळीस नाव नसते, म्हणून तिच्याविषयी मनाचा आग्रहही नसतो, आकार तेवढा दिसतो. सूचना देणारे कोणी जवळ नसेल तेव्हा चित्र आरशात पाहावे, असे लिओनार्दो द विंची याने लिहून ठेवले आहे. उलट्या चित्रातील दोष डोळ्यांत भरतो. आत्याबाई आता देवघरालगतच्या आरशाचा असाही उपयोग करतात.

वयाचा मुद्दा कोणी काढलाच, तर व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने चित्रकार व्हावयाचे ठरविले ते १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी. बेल्जियममधील कोळशाच्या खाणींच्या मुलुखात बसून तो शार्ल बार्गच्या नमुनाचित्रांच्या नकला पुनःपुन्हा करीत असे. २७ आणि ६८ यांत अंतर आहे खरे. परंतु आत्याबाईंस प्रदर्शन भरवावयाचे नाही.

त्यांस हवा आहे आमचा वाडा. येत्या मार्गशीर्षात तो पाडावयाचा असून त्या जागी सात मजल्यांची इमारत उभी राहणार. कागदपत्रांवर सर्व भावांच्या सह्या झाल्या आहेत, आमचीही झाली. छायाचित्रे भरपूर घेतली आहेत, असे आम्ही आत्याबाईंस सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, “फोटो तुम्ही घेतलेत. मला साठ वर्षं वावरूनही ओसरीला खांब किती ते सांगता येईना. काढायला बसले तेव्हा मोजले.”

खांब पाच आहेत. ते, तुळशीवृंदावन आणि विहिरीचा रहाट वहीत उतरले आहेत. माजघरातून माडीवर जाणारा अंधारा जिना तेवढा अद्याप वळणावर फसतो. काल पुतणीने तिसऱ्या पायरीवर बोट ठेवले. आत्याबाई आज सकाळपासून पाट घेऊन जिन्यासमोर बसल्या आहेत, आणि माडीवर जावयाचे असेल त्याने मागच्या दाराने फिरून जावे, असा घरात हुकूम आहे.