तीस सप्टेंबरच्या आत

मी इचलकरंजीत चार्टर्ड अकाउंटंट आहे. प्रोसेसवाले, सायझिंगवाले, दोन-तीन शेड यंत्रमाग असलेले कारखानदार, असे माझे क्लायंट. २०१२ पर्यंतच्या तेजीच्या काळात यातल्या बऱ्याच जणांना मी पवनचक्क्या घ्यायला लावल्या. आमच्या ऑफिसात पवनचक्क्यांचा मोसम सप्टेंबरात यायचा. यंत्र महिनाअखेरीस सुरू झालं, की आर्थिक वर्षाचे १८० दिवस भरायचे आणि यंत्राच्या किमतीवर पूर्ण ८० टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, पदरात पडायचं. उशीर झाला तर निम्मंच. पाच कोटींच्या यंत्रावर चार कोटींचा घसारा आणि ३३.९९ टक्के कर, म्हणजे पहिल्याच वर्षी एक कोटी छत्तीस लाख वाचले. आयकराच्या कलम ८० आयएची सवलत वेगळीच.

साताऱ्याच्या पठारावर, चाळकेवाडी-वनकुसवड्याला, खरा वारा असतो तो पावसाळ्यात. म्हणजे भर पावसात, चिखलातून क्रेन चढवून आम्ही यंत्र उभं करायचो आणि ते सुरू व्हायचं नेमकं वारा पडायच्या सुमाराला. पुढच्या जूनपर्यंत ते जेमतेमच फिरणार हे मला ठाऊक होतं. त्यात काही वावगं आहे असं मात्र कधी वाटलं नाही. यंत्र सुरू झाल्याच्या दाखल्यावरची तारीख बरोबर आहे ना, एवढंच मी पाहायचो.

माझी सर्वांत लाजिरवाणी चूक मात्र कराची नव्हती, शाळेतल्या भौतिकशास्त्राची होती. कर्जासाठी बँकेला प्रकल्प अहवाल द्यायचा असे. विक्रेत्याच्या कागदावरचा वाऱ्याचा वेग मी सावधगिरी म्हणून दहा टक्क्यांनी कमी धरायचो आणि त्या हिशेबाने विजेचं उत्पन्नही दहा टक्क्यांनी कमी दाखवायचो. आपण किती जपून चालतो याचा मला अभिमानही होता. पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्क्यांनी घटला की शक्ती सत्तावीस टक्क्यांनी घटते. हे मला कळलं ते एका क्लायंटच्या इंजिनिअर मुलाने अहवाल चाळता चाळता त्याबद्दल विचारलं तेव्हा. तोवर त्याच नमुन्यावर बरेच अहवाल गेले होते. बँकेतल्या कुणीही कधी हरकत घेतली नव्हती.

त्या मुलाचे वडील मात्र हसले. म्हणाले, "साहेब, टॅक्स वाचला का नाही? मग वीज आली तर आली." ते मला व्यवहारी शहाणपण वाटलं. राज्यात तेव्हा हजारो मेगावॅटचा तुटवडा होता आणि गावोगाव बारा-बारा तास भारनियमन चालायचं. देशाला वीज हवी होती आणि मी देशाच्या करातून पैसे वळवून खांब उभे करून देत होतो.

१ मेगावॅटचं यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीने चाललं तर ८७ लाख ६० हजार युनिट देईल. त्याच्या वीस टक्के, म्हणजे साडेसतरा लाख, मिळाली तर ठीक म्हणायचं. २००९ च्या डिसेंबरात केंद्राने वेगळा पर्याय दिला: डेप्रिसिएशन सोडा आणि ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे घ्या. मी बेरीज केली. वर्षाला पावणेनऊ लाख एकीकडे, पहिल्याच वर्षी सव्वा कोटीहून जास्त दुसरीकडे. एकालाही मी युनिटचा पर्याय घेऊ दिला नाही. क्लायंटच्या बाजूने ती बेरीज आजही चुकीची ठरणार नाही. पण त्या पन्नास पैशांसाठी मालकाला वर्षभर यंत्रावर लक्ष ठेवावं लागलं असतं. गिअरबॉक्स बिघडून यंत्र ऐन जुलैत बंद पडलं तर त्याची झोप उडाली असती. माझ्या क्लायंटना यंत्र बंद आहे हे कधी कधी दोन-दोन महिन्यांनी कळायचं.

वाढीव डेप्रिसिएशन नसतं तर खासगी पैसा या धंद्यात आलाच नसता, असं म्हणतात. ते खोटं नाही. ३१ मार्च २०१२ नंतर ते काही काळ थांबलं आणि देशात वर्षाला उभी राहणारी पवनऊर्जा सुमारे ३,२०० मेगावॅटवरून १,७०० वर आली. माझा धंदाही तेव्हाच बसला. पण पैसा आला तो कशासाठी, हे त्या घसरणीतून जितकं स्पष्ट दिसलं तितकं माझ्या कुठल्याच ताळेबंदात दिसलं नव्हतं.

दराबद्दलही मी गाफील राहिलो. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये पवनविजेला युनिटमागे साडेतीन रुपये दर दिला होता, दरवर्षी पंधरा पैशांची वाढ, तेरा वर्षं. तेराव्या वर्षी तो पाच रुपये तीस पैसे होतो. मी तीच रेघ पुढे विसाव्या वर्षापर्यंत ओढली. प्रत्यक्षात २०१७ च्या अखेरीस गुजरातच्या लिलावात नवी पवनवीज दोन रुपये त्रेचाळीस पैशांना गेली. करार संपलेल्या जुन्या यंत्रांना माझ्या तक्त्यातला दर कोण देणार होतं?

आता मेगावॅटच्या बातम्या मी जरा थांबून वाचतो. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झाला, तोही २०३० च्या उद्दिष्टाआधी. मोठी गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेतला जवळपास तीन चतुर्थांश भाग अजून कोळशाचाच आहे.

पठारावर आता नवाच गुंता आहे आणि तो बराचसा माझ्यासारख्यांनीच केलेला आहे. उत्तम वाऱ्याच्या जागा छोट्या, जुन्या यंत्रांनी अडवल्या आहेत. ती काढून मोजकी मोठी यंत्रं बसवली तर त्याच वाऱ्यातून कितीतरी जास्त युनिट निघतील. पण एकेका कारखानदाराच्या गळ्यात एकेक यंत्र बांधलेलं, त्यामुळे एका रांगेत डझनभर मालक. कुणी वारलेत, कुणाच्या मुलांत वाटणीचा दावा चालू आहे, कुणाला आपलं यंत्र नेमकं कुठलं हेच माहीत नाही. सगळ्यांना एकत्र बसवायचं काम मी अंगावर घेतलंय. जुन्या फायली काढून एकेकाला फोन करतो, आधी मागच्या तीन वर्षांची महिनावार युनिट मागतो. बहुतेकांकडे ती नसतात. मोठ्या यंत्रांचं सांगितलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "आता डेप्रिसिएशन किती आहे?"

चाळीस टक्के आहे. विचारलं की सांगावं लागतं.