अडकलेली डिकी

सांगलीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी घडलेला हा रविवार संध्याकाळचा प्रसंग. इचलकरंजीहून आणलेले कापडाचे गठ्ठे गाडीच्या डिकीत ठासून भरलेले होते. दुसऱ्या दिवशी मिरजेत लग्न होते. आहेराची धोतरे आणि साड्या त्याच रात्री पोहोचवण्याचा शब्द वधूपित्याला दिलेला होता. परंतु डिकी उघडेना आणि गॅरेज तर बंद.

अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच व्यापाऱ्याने केले. चालकाच्या आसनाजवळचा खटका पुन्हा पुन्हा खेचला, झाकण दोन्ही हातांनी वर ओढले आणि अखेर मुलाला पहार आणायला सांगितले.

ओट्यावर बसलेले ८४ वर्षांचे वडील हे सारे पाहत होते. पूर्वी दुकानाचे शटर, शिवणयंत्र, तिजोरीचे कुलूप या सर्वांची देखभाल ते स्वतः करीत. कारभार मुलाकडे सोपवल्यापासून ते सल्ला देत नसत आणि त्यांना कोणी विचारतही नसे. आज मात्र ते काठी टेकत खाली आले.

“पहार राहू दे. खटका ओढताना ढिला लागतो की कडक?”

“कडक लागतो, अण्णा.”

“मग केबल तुटलेली नसावी. कुलूपच अडकले आहे. ते नंतर पाहू. आधी माल काढ, दिलेला शब्द पाळ.”

मागच्या आसनाची पाठ पुढे पाडता येते, हे गाडी घेतल्यापासून कोणाच्या ध्यानात नव्हते. त्या वाटेने गठ्ठे सोडून एकेक जोडी बाहेर काढली आणि माल रिक्षात घालून नातू मिरजेला रवाना झाला.

“आता झाकण वर ओढू नकोस, खाली दाब,” अण्णा म्हणाले. व्यापाऱ्याने तळहातांनी झाकण दाबले, त्याच क्षणी पत्नीने खटका ओढला आणि ‘खट्’ असा आवाज होऊन डिकी उघडली.

यात चमत्कार काहीच नव्हता. झाकणाच्या कुलपातील आकडा गाडीच्या कडेवरील लोखंडी कडीला धरून ठेवतो. आतून माल रेटू लागला किंवा वरून झाकण ओढले, की आकडा त्या कडीवर अधिकच घट्ट बसतो. झाकण दाबताच तो ताण उतरतो आणि खटका हलका होतो.

सकाळी उजेडात दुरुस्ती झाली. झाकणाचे आतले अस्तर काळजीपूर्वक सोडवल्यावर कुलूप दिसले. पावसाळ्यातील ओल आणि रस्त्याची धूळ बसून जुने ग्रीज काळे व चिकट झाले होते. बोल्ट सैल करण्यापूर्वी अण्णांनी कुलपाच्या कडेने पेन्सिलीची खूण करवून घेतली, म्हणजे ते पुन्हा त्याच जागी बसावे. गंज सोडवणारे तेल मारून जुन्या दंतमंजनाच्या ब्रशने मळ काढला, सर्व भाग कापडाने कोरडा केला आणि नवे ग्रीज बेताने लावले.

व्यापारी झाकण बंद करणार, तोच अण्णांनी त्याला थांबवले. झाकण उघडेच ठेवून आकडा पेचकसाने बंद करायचा आणि खटका ओढून तो सुटतो का ते पाहायचे. तीन वेळा सुटला, तरच झाकण लावायचे. नाही तर डिकी पुन्हा अडकायची.

हात व्यापाऱ्याचे होते, नजर अण्णांची. थरथरत्या बोटांना पेचकस धरवत नव्हता, पण कोणता भाग कशासाठी आहे, हे त्या बोटांना अजून ठाऊक होते.

व्यापाऱ्याला आठवले की महिनाभर डिकी लागताना कुरकुरत होती. दर वेळी त्याने थोडी अधिक जोरात आपटून ती लावली होती. उधारीच्या वहीत चार दिवसांचा विलंबही त्याच्या नजरेतून सुटत नसे, मात्र घरातली ही थकबाकी महिनाभर वाढत राहिली होती. आणि अशी थकबाकी केवळ गाडीतच साचते असे नाही, हेही त्याला त्या सकाळी उमगले असावे.

दुपारी दुकानाला निघताना तो ओट्यापाशी थांबला.

“अण्णा, दुकानाचे शटर हल्ली अर्ध्यावर अडते. उद्या येऊन जरा बघाल का?”

अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी आपला चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि विचारले, “ढिले लागते, की कडक?”