गॅलरीतलं टेक्सास

थंडी पडली की नर्सरीत पिटुनियाच्या शेजारी काळ्या पिशव्यांत फ्लॉक्सची रोपं दिसतात. माझ्या गॅलरीत तीन कुंड्या आहेत, तिन्ही लालभडक. आईच्या मते हे परदेशी फॅड. बरोबरच आहे म्हणा! हे मूळचं टेक्सासच्या वाळूतलं रानफूल. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश माणसाने तिथून बी ब्रिटनला धाडलं आणि १८३५ मध्ये तो क्यूबात वारला. फुलाला त्याचं नाव मिळालं, बागा बघायला तो उरला नाही.

पण खरी भारी गोष्ट रंगाची. टेक्सासात हे फूल बऱ्याच भागात फिकट निळसर असतं. जिथे त्याचा तसाच फिकट चुलतभाऊ शेजारी उगवतो, तिथे मात्र ते गडद लाल! फुलपाखरं बहुधा एकाच रंगाला धरून फिरतात, त्यामुळे दोघांचे परागकण कमी मिसळतात. संकर झालाच तर रोपं बहुतेक वांझ निघतात. या रंगबदलामागची दोन जनुकं २०११ मध्ये सापडली.

दिवाळीला पुण्याहून आलेली आमची गँग दरवर्षी विचारते, "तू अजून इथंच?" सगळ्यांचं पॅकेज सेम, गाडी सेम, ईएमआयसुद्धा सेम. मी कोल्हापुरात राहून लिहिते. महिनाअखेरीला घाम फुटतो, खोटं कशाला बोलू? तरी पुढच्या वर्षीचं भाडं इथलंच ठरवलंय.

तुम्ही लावणार असाल तर नुसत्या काळ्या मातीत नको, पाणी साचून मुळं कुजतात. वाळू मिसळा. बोंडं वाळली की टचकन फुटून बी उडतं, तेव्हा जरा आधीच काढा. माझी एक पुडी हिंजवडीच्या बाराव्या मजल्यावर चाललीय, स्पेशल डिमांडवर.