पत्र्याला घाम फुटतो तेव्हा



गणेशोत्सवाचं सामान उतरवताना बऱ्याच जणांनी आमच्या व्हॅनमध्ये डोकावून विचारलं, "आत भिंतींना कार्पेट? आणि हे घरी केलंत?" संपादिकाबाईंनी लगेच एक पान लिहून मागितलं. स्वतःचं कौतुक लिहायला कोणाला आवडत नाही? पण या कौतुकाची सुरुवात एका चुकीपासून होते, म्हणून आधी तीच सांगतो.

वीस वर्षांची ही पांढरी मालवाहू व्हॅन आम्ही घेतली ती उन्हाळ्यात कॅम्पिंगला आणि वर्षभर मंडळाच्या कामाला. आधीचा मालक नळकाम करणारा. मागे नुसता उघडा पत्रा. जानेवारीत अ‍ॅमस्टलवेनला संक्रांतीचा कार्यक्रम आटोपला. ग्रंथालयाचे चार खोके, धुऊन अर्धवट निथळलेली मोठी पातेली आणि पावसात भिजलेल्या सतरंज्या असं सगळं एकत्र भरलं आणि डेल्फ्टला घरासमोर गाडी लावली. "उद्या उतरवू" म्हणता म्हणता आठवडा गेला.

दार उघडलं तर छताला घाम फुटलेला! थेंब टपटप खोक्यांवर पडत होते. पुस्तकं फुगली होती, काहींवर करडी बुरशी चढली होती. पुस्तकं पुन्हा आणता येतात. पण एका खोक्यात मंडळातल्या एका काकूंनी प्रदर्शनासाठी दिलेली, त्यांच्या आईच्या हातची पाककृतींची वही होती. निळी शाई पसरली होती. पानापानांत टिपकागद घालून आम्ही ती वाळवली. बरीचशी वाचली, दोन पानं मात्र गेली ती गेलीच. काकू एवढंच म्हणाल्या, "असू दे रे." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता यातलं रसायनशास्त्र म्हणा, पदार्थविज्ञान म्हणा, साधं आहे. २० अंशांची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, ५ अंशांची जेमतेम ७. ओल्या सामानाची वाफ हवेत जाते आणि रात्री गार पत्र्याला भेटली की पाणी होऊन सुटते. निरभ्र रात्री तर छत उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. आजोळी कोकणात कौलारू माजघर कधी घामेजलं नाही, पत्र्याची पडवी मात्र पहाटे टपटपायची. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, हे तेव्हा कुठे कळत होतं!

आमचा पहिला बेत होता पत्र्यावर थेट कार्पेट चिकटवण्याचा. तो केला असता तर फसलो असतो. कार्पेटमधून वाफ आरपार जाते, मागे पत्र्यावर पाणी होते आणि तिथेच मुरते. वर मखमल, आत गंज! म्हणून मध्ये वाफ अडवणारा थर हवा. आम्ही १९ मिलिमीटर जाडीचा काळा रबरी फोम घेतला. त्यातले बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, त्यामुळे वाफ सहसा आत शिरत नाही. पोलादातून उष्णता या फोमपेक्षा हजारपटीहून जास्त सहज वाहते. गोधडीचंच तत्त्व, अडवलेली हवा ऊब राखते. पण गोधडीसारखाच फोमही स्वतः ऊब देत नाही आणि ओल तर मुळीच घालवत नाही, हे विसरू नये.

मार्चमध्ये काम काढलं. जुनी प्लायवूडची पाटं काढली, गंज तारेच्या ब्रशने घासून प्रायमर लावला, पत्रा धुऊन तेलकटपणा काढला. शिंप्यासारखे जुन्या वर्तमानपत्रांचे बेतकागद कापले आणि त्यावरून फोम कापून कुठेही फट न ठेवता चिकटवला. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात, ती बुजवू नका. काचेच्या रबरातून पाऊस दारात उतरतो, त्याची ती वाट आहे.

मग कार्पेट. चारही बाजूंनी ताणलं जाणारं मिळतं, तेच घ्यावं. गोंद दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग मधून कडांकडे दाबत जायचं. एकदा चिकटलं की माघार नाही.

आणि इथे आम्ही दुसरी चूक केली. पाऊस होता, म्हणून दारं लावून घेतली. पाऊण तासाने सौ. ने दार उघडलं. "अहो, एकटेच काय हसताय?" आम्ही गुडघ्यांवर बसून हसत होतो आणि डोकं ठणकत होतं. गोंदातल्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड, खाली साठलेली आणि आम्ही तिच्यातच! शेजारी वायरचा दिवा जळत होता. एक ठिणगी पुरली असती. रंगाऱ्यांना अशा वाफांनी मज्जासंस्थेचे विकार जडतात, म्हणूनच या देशात १ जानेवारी २००० पासून घरांत काम करणाऱ्या व्यावसायिक रंगाऱ्यांना कमी द्रावकांचे रंग सक्तीचे झाले. हे विद्यार्थ्यांना कोण सांगतं? आम्हीच! सौ. म्हणाली, "प्रयोगशाळेत पीएच.डी. आणि घरी बिनडोक." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. उरलेलं काम कोरड्या दिवशी, सगळी दारं सताड उघडून केलं. जुलैत छताचं कार्पेट लोंबलं, कारण तापलेल्या पत्र्याखाली साधा गोंद मऊ होतो. छताला उष्णता सोसणाराच गोंद घ्यावा.

शेवटी छताला एक छोटा झरोका बसवला आणि दाराशी खाली एक जाळी. खालून हवा येते, वरून जाते. चार जण रात्रभर झोपले तर श्वासाची आणि अंगाची मिळून लिटरभर वाफ होते, तिला वाट हवीच. आणि हो, प्रवासात मागे माणसं बसवायची नाहीत, कायद्याने मनाई आहे.

नोव्हेंबरमध्ये पुस्तकांचे खोके पुन्हा एक रात्र गाडीत राहिले. पहाटे विजेरी घेऊन गेलो, छतावरून हात फिरवला. कोरडं! काकूंना फोन केला. पुढच्या प्रदर्शनाला त्यांनी वही पुन्हा दिली, पण दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून. आम्ही काही बोललो नाही.

दोन मीटर कार्पेट आणि सगळे बेतकागद आमच्याकडे शिल्लक आहेत, हवे त्याने घेऊन जावेत. गाडीही मंडळाच्या सेवेला आहेच. पातेली मात्र पुसून द्यावीत.