कोणत्या दिवसाचे इंजिन?

गेल्या नाताळात परदेशी असलेल्या आमच्या पुतण्याने आपल्या वडिलांसाठी एक खोके पाठविले. उघडून पाहिले तो आत डिझेल इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती. आमच्या दादांनी सारी हयात रेल्वेच्या एका डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून काढली. वहिनी गेल्यानंतर ते मंडणगडला आमच्याकडे राहावयास आले. काचबिंदूने त्यांची दृष्टी मंदावत चालली आहे. त्यांनी ते इंजिन खिडकीपाशी नेले, डोळ्यांजवळ धरून न्याहाळले, बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण हे आपलं नव्हे रे."

पुतण्याला ते कळविण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. तथापि खोक्यावरील अल्को हे नाव आम्ही दादांना वाचून दाखविले, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. अमेरिकेतील याच कंपनीने आखलेली डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने १९६२ साली भारतात आली आणि जानेवारी १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बाहेर पडू लागली. यातील 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'डी' म्हणजे डिझेल आणि 'एम' म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारे. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. मूळ कंपनीने १९६९ साली इंजिने बांधणे थांबविले. आपल्याकडे मात्र ती पुढे कित्येक वर्षे बांधली जात राहिली. म्हणजे खोक्यातून आलेला हा पाहुणा परका असला तरी नात्यातला होता. दादांनी त्याच्या बोगीवरून बोट फिरविले. तिच्या तीन आसांमधील अंतरे सारखी नव्हती. "ही बोगी आपलीच," ते म्हणाले. त्याच दिवशी आम्ही ठरविले की या पाहुण्याला आपल्या मुलखातला करावयाचा.

मंडणगड तालुक्यात रेल्वे नाही. आम्ही नोकरीच्या निमित्ताने येथे आलो, तेव्हा मुंबईला जावयाचे म्हणजे एसटीला पर्याय नव्हता. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. मंगळूरच्या कॅथलिक घरातला हा माणूस कोकणात गाडी आणणार, याचे आमच्या घरात विशेष कौतुक होते. जानेवारी १९९८ मध्ये सारा मार्ग जोडला गेला आणि खेडचे स्थानक आम्हांला आमचे वाटू लागले.

म्हणून इंजिनाची नीट पाहणी करावयास आम्ही दादांना घेऊन खेडलाच गेलो. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात राहिली नव्हती. २०२२ साली या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आम्ही फलाटावर होतो तेवढ्या वेळात दोन गाड्या गेल्या. दोन्हींना विजेची इंजिने होती. दादा वर तारांकडे पाहत राहिले. त्यांना तारा दिसत होत्या की नाही, हे आम्ही विचारले नाही.

परत आल्यावर जुनी छायाचित्रे आणि दादांची आठवण एवढ्यांवरच काम सुरू झाले. प्रतिकृती एकास सत्त्याऐंशी या प्रमाणातली. आपले खरे इंजिन सुमारे १७ मीटर लांब, म्हणजे या मापात साडेएकोणीस सेंटिमीटर. तेथे फारशी अडचण आली नाही. अमेरिकन इंजिनांना आपल्यासारखे दोन बाजूंचे बफर नसतात. आमच्या सौभाग्यवतींच्या शिवणाच्या डब्यातील टिचबटणे त्या मापाची निघाली. बॉलपेनच्या रिफिलीचे तुकडे कापून त्यांवर ती चिकटविली. बारीक तार वाकवून मधला आकडा केला. घंटा काढून टाकली. रुळांच्या रुंदीपाशी मात्र आम्ही हरलो. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. प्रतिकृतीच्या चाकांमधील अंतर साडेसोळाचे, कारण तिकडची गाडी १४३५ मिलिमीटरच्या रुळांवर धावते. चाके फाकवावी तर खालचा सारा सांगाडाच मोडावा लागला असता. "राहू दे," दादा म्हणाले. "चूक आहे हे आपल्याला ठाऊक आहे ना, मग झालं."

खरा वाद रंगावरून झाला. प्रत्येक शेडचा आपापला रंग असे. दादा म्हणत, आमची इंजिने गडद तांबडी, वर पिवळा पट्टा. आमच्या हाती असलेल्या त्यांच्या निरोपसमारंभाच्या छायाचित्रात मागे उभे असलेले इंजिन मात्र निळे होते. आम्ही ते त्यांच्यापुढे धरले आणि अंमळ विजयाने म्हणालो, "दादा, हे पाहा. निळंच आहे." दादा गप्प झाले. दृष्टी गेली तशी आता आठवणही जात चालली, अशी शंका त्यांना आली असावी. दोन दिवस त्यांनी इंजिनाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते आपण होऊन म्हणाले, "तू कोणत्या दिवसाचं इंजिन करतो आहेस?"

आम्हांला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितले. इंजिन शेडमध्ये येते, उकलले जाते, पुन्हा बांधले जाते. त्याचे दिवे बदलतात, ब्रेकची यंत्रणा बदलते, रंग बदलतो. डब्ल्यूडीएम-२ ची कित्येक इंजिने पुढे ३१०० अश्वशक्तीची होऊन डब्ल्यूडीएम-३ए झाली. तेच इंजिन दहा वर्षांनी पाहिले तर ओळखू येईलच असे नाही. छायाचित्र निरोपाच्या दिवसाचे होते. दादांच्या मनातले इंजिन १९९९ च्या मे महिन्यातले होते.

त्या महिन्यात आमची आई आयुष्यात प्रथमच खेडहून रेल्वेने निघाली. दादा तिला उतरवून घ्यावयास पनवेलला गेले होते. गाडी आली, तो पुढे त्यांच्याच शेडचे इंजिन. पंधरवड्यापूर्वी त्याचा टर्बो त्यांनी स्वतः बसविलेला. त्यांनी आईला फलाटाच्या टोकापर्यंत चालवीत नेले आणि म्हटले, "आई, हे मी दुरुस्त केलंय." आईने इंजिनाला हात लावला. ते तापलेले होते. हात झटकन मागे घेऊन ती म्हणाली, "याला ताप आलाय रे!" आणि दोघेही हसले. दोन वर्षांनी आई गेली. ही गोष्ट दादांनी आम्हांला तोवर कधी सांगितली नव्हती.

छायाचित्र दाखवून आपण केवढा अन्याय केला, हे आम्हांला त्या वेळी उमगले. छायाचित्र खरे होते आणि दादाही खरे होते. दोघांचा दिवस निराळा होता. इंजिनाला गडद तांबडा रंग दिला, वर पिवळा पट्टा ओढला. वाळल्यावर दादांनी डोळे मिटून बोटे फिरविली: बफर, आकडा, रेडिएटरच्या जाळ्या, पुन्हा बोगी.

शेवटी क्रमांक घालावयाचा राहिला. छायाचित्रातील निळ्या इंजिनाचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. तोच घालू का, असे आम्ही विचारले.

"ते ते नव्हे," दादा म्हणाले. "त्याचा नंबर आता आठवत नाही. आठवत नाही ते लिहायचं नाही."

इंजिन आता आईच्या तसबिरीखाली उभे आहे. क्रमांकाची जागा कोरीच आहे.